खळ्यावरची पहिली खेप

गाडी पुन्हा खाली बसली. फुस्स करून लांब सुस्कारा टाकला आणि एखादी दमलेली म्हैस गुडघे मोडते तशी तिनं आपली पुढची बाजू हळूहळू जमिनीकडे नेली. तिसऱ्यांदा.

नबीचाचा गाडीखालून सरपटत बाहेर आले. अंगावर वंगण, दाढीत माती. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सिस्टरबाई, ही गाडी नाही. ही रुसलेली सून आहे. आपण उठवायची, तिनं बसायचं."

ड्रायव्हर सर्जेराव केबिनमधून म्हणाला की सुनेला निदान माहेरी तरी पाठवता येतं, हिचं माहेर समुद्रापलीकडं आहे. नबीचाचांनी त्याला इंजिन बंद करायला सांगितलं आणि पान्यानं पाठ खाजवत ते ओट्यावर बसले.

ही दोन हजार तीन सालातल्या फेब्रुवारीची गोष्ट. मी तेव्हा पंचावन्न वर्षांची होते आणि तालुक्याच्या डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर होते. परदेशातल्या कुठल्याशा दानशूर मंडळींनी आम्हाला एक जुना ट्रक पाठवला होता. नुसता ट्रक नव्हे, त्याच्या पाठीवर एक अख्खं ऑपरेशन थिएटर होतं. टेबल, दिवा, मायक्रोस्कोप, हात धुवायचं बेसिन, सगळं. खेड्यात जायचं, गाडी उभी करायची, मोतीबिंदू काढायचे आणि परत यायचं.

गाडीचं मोठं नवल म्हणजे ती स्वतःच स्वतःची उंची राखायची. आपल्या ट्रकला असतात तसे लोखंडी पाटे तिला नव्हते. चारी कोपऱ्यांत चाकांपाशी रबराचे चार जाडजूड फुगे होते आणि त्यांत हवा. गाडीत माणसं चढली की ती हवा भरून घ्यायची, उतरली की सोडून द्यायची. तुम्ही किती का वजन टाका, तिची उंची तीच राहायची. त्यामुळे टेकवायला वेगळे पायसुद्धा तिला दिलेले नव्हते. आमचे सर्जन डॉक्टर किणीकर पहिल्या दिवशी त्या गाडीत चढले, उतरले, परत चढले आणि लहान मुलासारखे हसले.

पण तिचं नाक खाली होतं. परदेशात रस्ते म्हणजे काचेसारखे असणार. आमच्याकडे पिंपळदऱ्याच्या अलीकडे ओढ्यावर एक फरशी पूल आहे. जानेवारीत गाडी तिथं पोचली, फरशीवर उतरताना तिनं नाक आपटलं, बंपर फाटून लोंबायला लागला आणि सर्जेरावनं तिला तशीच मागं घेत परत आणली. मग पत्रापत्री झाली आणि दानशूर मंडळींनी पुढची बाजू अडीच इंच उचलून गाडी सपाट करायचं सामान एका खोक्यात पाठवलं. खोक्यात लोखंडी गुटके म्हणजे ठोकळे होते, बोल्ट होते, चार बारक्या दांड्यांची एक पिशवी होती आणि एक पुस्तिका होती, जी आमच्या दवाखान्यात कुणालाच वाचता येत नव्हती. दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, शहरातून माणूस बोलावू. माणूस म्हणाला, एप्रिलमध्ये येतो.

एप्रिल मला चालणार नव्हता, कारण पिंपळदऱ्यात माझी आई होती.

आईचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकून पार दगड झाला होता. तिला उजेड आणि अंधार कळायचा, बाकी काही नाही. तीन वर्षं मी तिच्या पाया पडत होते की माझ्या दवाखान्यात चल. मी स्वतः रोज दहा-दहा माणसं टेबलावर चढवते, त्यांत तू एक. ती ऐकत नव्हती. कधी शेळ्या आड यायच्या, कधी गुडघे, कधी एसटीत तिला मळमळायचं. शेवटी एकदा मी फार बोलले तेव्हा ती म्हणाली, "एवढी माया हाय तर दवाखाना माझ्या खळ्यावर आण. मग निजते तुझ्या टेबलावर."

तिला काय माहीत, दवाखान्याला चाकं फुटणार आहेत. गाडी आली त्याच दिवशी मी पिंपळदऱ्याला निरोप धाडला की शब्द लक्षात ठेव.

डॉक्टर किणीकर पुण्याहून महिन्यातून एकदा, शेवटच्या शनिवारी यायचे. त्यांनी एकदा जीपनं पिंपळदऱ्याला जाऊन आईचा डोळा तपासला होता. ते मला म्हणाले होते, "हा अजून फार थांबणार नाही. आणि मी मार्चपासून सहा महिने इथं नाही. आल्यावर बघितला, तर मी हात लावीनच असं सांगत नाही." म्हणजे फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. त्याच्या आदल्या मंगळवारी मी ते खोकं गाडीत घातलं आणि सर्जेरावला सांगितलं की गाडी शिकलगारांच्या वाड्यात ने.

नबीलाल शिकलगार म्हणजे आमच्या तालुक्यातले पाटेवाले. ट्रकचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा, जीपचा पाटा तुटला की माणसं त्यांच्याकडे यायची. वय साठीचं, दात तीन कमी आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा धरून थांबायचा. त्यांचा एक नियम तालुक्यात प्रसिद्ध होता. ज्या गाडीचा बोल्ट त्यांनी सोडला, त्या गाडीच्या पहिल्या खेपेला ते स्वतः बसायचे. लग्नाचं वऱ्हाड असो, ऊस असो, नाहीतर मयत असो. लोक चिडवायचे की चाचाला फुकट फिरायला मिळतं. चाचा म्हणायचे, "माझं काम वाकडं असेल तर आधी माझं हाड मोडू दे."

तर आता तेच चाचा ओट्यावर बसले होते आणि गाडी खाली बसली होती. पुढच्या दोन फुग्यांखाली त्यांनी गुटके घातले होते, बोल्ट आवळले होते. इंजिन बंद असताना गाडी अडीच इंच वर, अगदी सपाट. इंजिन चालू केलं की हवा सोडून परत होती तिथं. चाचांनी गुटके काढून परत घातले. शिव्या घातल्या. एकदा तर 'बिस्मिल्ला' म्हणून चावी त्यांनीच फिरवली. गाडीनं कुणाचंच ऐकलं नाही.

त्यांच्या मोठ्या सुनेनं चहा आणला. चाचांनी कपबशी हातात घेतली आणि ओट्यावर त्या चार बारक्या दांड्या ठेवल्या होत्या त्या बाजूला सारल्या.

"या कसल्या?" मी विचारलं.

"खोक्यातल्या. खेळणी आहेत. गाडीखाली चाकापाशी अशाच चार आहेत, तुटल्या तर असाव्यात म्हणून दिल्यात. कडेवरच्या पोराचं वजनसुद्धा पेलणार नाहीत."

मी एक दांडी उचलली. वीतभर लांब, दोन्ही टोकांना वाटीसारखे सांधे आणि मध्ये एक नट. नट फिरवला की दांडी लांब व्हायची, उलटा फिरवला की आखूड. मी वाकून गाडीखाली पाहिलं. चाकाच्या आसाला अशीच एक दांडी, तिच्या वरच्या टोकाला एक छोटा आडवा हात आणि त्या हाताच्या मुळाशी काळी डबी.

आता खरं सांगते, मला यंत्रातलं काही कळत नाही. पण आमच्या दवाखान्याच्या गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि ती कायम वाहायची. प्लंबर यायचा नाही. थिएटरमध्ये पाणी नसलं तर माझा जीव जायचा, म्हणून मी पदर खोचून शिडीनं वर जायचे आणि तो प्लास्टिकचा गोळा असतो ना, फ्लोट, त्याची दांडी हातानं वाकवायचे. दांडी खाली वाकवली की पाणी लवकर थांबतं. वर वाकवली की टाकी जास्त भरते. टाकीला काही कळत नसतं, तिला दांडी सांगेल ते खरं.

मी तेच चाचांना म्हणाले. "चाचा, या गाडीला आपण किती उंच आहोत ते दिसत नाही. दांडी जे सांगते ते ती ऐकते. तुम्ही तिला उचलली की दांडी सांगते, फार वर झालीस, हवा सोड."

चाचांनी बशीतला चहा तसाच ठेवला. दांडीकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. मग पुढच्या दांड्यांचे नट फिरवून त्या लांबवायला ते पाना घेऊन गाडीखाली शिरले. त्यांचे फक्त पाय दिसत होते आणि पाय बराच वेळ हलले नाहीत. मग आतून आवाज आला, "सर्जा, चावी फिरव."

इंजिन सुरू झालं. गाडीनं श्वास घेतला, फुगे फुगले आणि तिचं नाक हळूहळू वर आलं. आलं आणि तिथंच थांबलं.

चाचा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यांनी सुनेला हाक मारून सांगितलं की सिस्टरबाईंना खारी दे, आणि मला म्हणाले, "चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. टाकीवर एकदा चढायला पाहिजे होतं."

मग नीट सपाट करायचं काम. चाचांचा भरवसा पाण्यावर. त्यांनी घरातली परात मागवली, गाडीच्या आत मधोमध ठेवली, तिच्यात दोन बोटं पाणी घातलं. मी परातीपाशी बसून सांगायची, डावीकडं जास्त, मागं कमी, आणि चाचा खाली चार दांड्यांचे नट फिरवायचे. उजव्या बाजूच्या नटांना बरेच आटे द्यावे लागले. तासाभरानं परातीतलं पाणी चारी बाजूंना सारखं टेकलं. चाचांनी नटांना लाल रंगाची खूण केली आणि म्हणाले, "शनिवारी सकाळी सहाला मी दवाखान्याच्या दारात आहे."

शनिवारी सहाला ते खरंच दारात होते. पांढराशुभ्र सदरा, डोक्याला नवी टोपी आणि कापडात बांधलेला पान्यांचा संच. मी म्हटलं, चाचा, लग्नाला निघालात का. ते म्हणाले, डॉक्टर लोकांच्या गाडीत बसायचंय, तुमचा मान राखायला नको?

फरशी पुलावर सर्जेरावनं गाडी अगदी पावलानं चालवली. आम्ही तिघं केबिनमध्ये श्वास धरून. गाडी उतरली, पाण्यातून गेली, चढली. काही आपटलं नाही. चाचांनी टोपी काढून परत घातली.

आई खळ्यावर बसून होती. ज्वारीची कणसं रानात तयार होती, पण तिनं माझ्या भावाला सांगितलं होतं की गाडी येऊन जाईस्तोवर मळणी नको. खळं तिनं स्वतः करून घेतलं होतं. डोळ्यांना दिसत नसलं म्हणून काय झालं. पन्नास वर्षं ती खळं करत आलेली. पाणी ओतायचं, ते जिथं साचेल तिथं माती घालायची, चोपायचं, परत पाणी ओतायचं आणि शेवटी शेणानं सारवायचं. आमच्या शिवारात म्हणायचे की तानूबाईच्या खळ्यावर लिंबू ठेवलं तर घरंगळत नाही.

इंजिनचा आवाज ऐकून ती उठली आणि पहिली गोष्ट काय म्हणाली, तर "चाकं धुवा." सर्जेरावला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. दोन घागरी पाणी आणून त्यानं सहाच्या सहा चाकं धुतली, तेव्हा कुठं गाडी खळ्यावर चढली. मग आईनं गाडीला हात लावून पाहिला, दारापर्यंत चाचपत गेली, पायऱ्या मोजल्या. चार.

गावातली आणखी आठ माणसं आली होती, मोतीबिंदूचीच. ती कडेला घोंगड्या टाकून बसली होती. त्यांचं आधीच ठरलं होतं की सिस्टरची आई पहिली. ती धड बाहेर आली तर आपण जायचं. त्यांच्यातला एक म्हातारा मला स्पष्टच म्हणाला, "तुझी माय उठून पळाली तर आमीबी चाललो."

डॉक्टर किणीकर जीपनं दहाला आले. त्यांना चारला निघायचं होतं. मी आईचे हात-तोंड धुतले, हिरवा डगला घातला, थेंब घातले आणि तिला टेबलावर निजवलं. ती निजली. दिवा लावला. डॉक्टर हात धूत होते.

आई उठून बसली.

"हे बाजलं कललंय," ती म्हणाली. "मी न्हाई निजायची याच्यावर."

मी तिला हळू आवाजात म्हटलं की आई, असं काही नाही, नीज.

"मी भिताडाकडं घरंगळतीय. तुला कळंना का? कललंय म्हणतीय न्हवं. ते आधी नीट करा, मग बगू."

ती पाय खाली सोडून पायानं पायरी शोधायला लागली. दार उघडं होतं. बाहेर आठ माणसं कान देऊन बसलेली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे हे तुझं काम आहे, अशा नजरेनं. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. तीन वर्षं, गाडी, खोकं, चाचांची दाढी भरून माती, आणि आता बाजलं कललंय. मी तिला तोंडघशी पाडायचं ठरवलं. स्टीलचा किडनी ट्रे घेतला, त्यात पाणी घातलं, टेबलावर तिच्याशेजारी ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "आता पाणी सांगेल."

पाणी भिंतीकडे गेलं.

थोडंथोडकं नाही. एका बाजूला ट्रेचा तळ कोरडा आणि दुसऱ्या बाजूला पाणी काठाशी. मी ट्रे फिरवून ठेवला. पुन्हा तेच. डॉक्टर ओले हात वर धरून जवळ आले, त्यांनी ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजी, तुम्ही बरोबर आहात. असं असताना मी डोळ्याला हात लावणार नाही."

मी दारातून चाचांना हाक मारली. त्यांनी ट्रे पाहिला. तो फिरवून पुन्हा पाहिला. मंगळवारी परातीत पाणी चारी बाजूंना सारखं होतं, ते त्यांनी आणि मी दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. लाल खुणा जागच्या जागी होत्या, एक नटसुद्धा हलला नव्हता. चाचा खळ्यावर उतरले, उकिडवे बसले, तळहात जमिनीवर टेकवला. मग दुसरा हात कपाळावर मारला.

"माझं अंगण," ते म्हणाले.

त्यांच्या वडिलांनी ते फरशीचं अंगण केलं होतं तेव्हा तेलपाणी वाहून जावं म्हणून उजव्या हाताला, गटाराकडे उतार ठेवला होता. चाचा त्या उतारावर रांगायला शिकले, तिथंच म्हातारे झाले. त्यांना तो उतार दिसतच नव्हता. पाट्याच्या गाड्यांना त्यानं कधी फरक पडला नाही. पण या गाडीची उजवी चाकं उतारावर खाली होती आणि आम्ही उजव्या दांड्या लांबवत बसलो होतो. तिरक्या अंगणात आम्ही गाडी सरळ केली होती. सरळ खळ्यावर ती तिरकी झाली.

"अर्धा तास द्या, डॉक्टरसाहेब," चाचा म्हणाले. पान्यांचं कापड सोडलं आणि तो पांढराशुभ्र सदरा घालून ते शेणानं सारवलेल्या खळ्यावर आडवे झाले.

मी आईला म्हटलं, तोवर खाली येऊन बस. ती म्हणाली, "मी कशाला उतरू? मी उतरले तर तुमाला सांगंल कोण?" आणि परत टेबलावर आडवी झाली, हात पोटावर ठेवून, पाटलिणीसारखी.

मग जे चाललं ते त्या खळ्यानं कधी पाहिलं नसेल. सर्जेरावनं इंजिन चालू ठेवलं. खाली चाचा नट फिरवायचे, गाडी फुस्स करायची, मी ट्रेवर डोळे लावून उभी, आणि आई टेबलावरून हुकूम द्यायची.

"अजून."

फुस्स.

"अजून जरा. नबीलाल, हात आखडू नगंस, आमी काय उसनं पीठ मागतोय का तुझ्याकडं?"

खालून चाचांचा आवाज यायचा, "घ्या मावशी, घ्या."

"आता पायाकडचं. तिकडं राहिलंय."

बाहेरची आठ माणसं उठून गाडीपाशी येऊन उभी राहिली. ज्यांना थोडंफार दिसत होतं ते न दिसणाऱ्यांना सांगत होते. तो म्हातारा, पळून जायची भाषा करणारा, तोही ओरडून विचारत होता, तानूआक्का, आता कसं वाटतंय. ट्रेमधलं पाणी हळूहळू मागं येत होतं. एका काठापासून सुटलं, दुसऱ्याकडे सरकलं, पसरलं, थांबलं. चारी बाजूंना सारखं.

"बस," आई म्हणाली. "आता झालं."

मी ट्रेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. माझ्या तोंडून एक शब्द गेला नव्हता. डॉक्टर मास्कच्या आड हसत होते, ते डोळ्यांवरून कळत होतं. ते म्हणाले, "आजी, आता परवानगी आहे का?"

"करा काय करायचं ते," आई म्हणाली. "माझं काम झालं."

ऑपरेशनला वीस मिनिटं लागली. ती हललीसुद्धा नाही. बाहेर तिला धरून आणली तेव्हा आठ माणसांत पुढचा नंबर कुणाचा यावरून भांडण लागलं होतं. चारपर्यंत नऊच्या नऊ झाले. डॉक्टर जाताना चाचांच्या सदऱ्याकडे पाहून म्हणाले, नव्या सदऱ्याचं वाईट वाटतं. चाचा म्हणाले, "सदरा धुवून निघेल, साहेब. आज माझी अब्रू एका आंधळ्या म्हातारीनं वाचवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी सोडली. आईनं डोळा मिचकावला, पाण्यानं भरला, पुसला. मी समोर होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि माझ्या कानाजवळची एक बट बोटानं मागं सारली. मग खळ्याकडे नजर टाकली आणि म्हणाली, "सर्जेरावाला टक्कल हाय व्हय? आवाजावरनं वाटलं न्हवतं."

चाचांनी ही गोष्ट तालुकाभर केली. कुणी पाटा बदलायला आला की आधी गोष्ट ऐकायची, मग पाटा. जिला काही दिसत नव्हतं तिनं माझी चूक पाठीनं ओळखली, असं ते सांगायचे. खळं करणाऱ्या बाईची पाठ आहे ती, तिथं यंत्र फिकं पडतं. प्रत्येक वेळी उतार थोडा कमी व्हायचा आणि आईचं कौतुक थोडं वाढायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी अंगणाची जुनी फरशी उखडली आणि नवं काँक्रीट केलं. काम झाल्यावर मला दवाखान्यात येऊन भेटले. म्हणाले, "मावशींना आणा. त्यांनी पाणी ओतून हो म्हटल्याशिवाय मी त्या अंगणात पहिली गाडी घेणार नाही."

मला वाटलं, आई काही यायची नाही. पण ती आली. एसटीनं आली, खिडकीशी बसून, मळमळली नाही. चाचांनी खुर्ची टाकली होती. तिनं खुर्ची नको म्हटलं. तांब्या मागितला, अंगणाच्या मधोमध उभी राहिली, पदर खोचला आणि पाणी ओतलं. चाचा, त्यांची मुलं, सुना, रस्त्यापलीकडचा न्हावी, सगळे भोवती उभे. पाणी गोल पसरलं आणि थांबलं. आई वाकून, डोळा बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, "हं. ठीक हाय." चाचांनी तिला चोळीचा खण दिला आणि डोळे पुसले.

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं. इतक्या दिवसांत विचारायचं राहूनच गेलं होतं. त्या दिवशी टेबलावर निजल्या निजल्या तुला कळलं तरी कसं?

आई खिडकीबाहेर बघत होती. रानात शाळू पोटऱ्यात आला होता.

"मला डोंबल कळलं होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"माझी छाती धडधडत हुती, माले. तुझे वडील असंच कुणाच्या टेबलावर निजले आन परत आले न्हाईत. मला पळायचं हुतं. जे तोंडाला आलं ते बोलले. आता बाजलं खरंच कललंय हे मला काय ठावं?"

"आणि मग 'अजून, अजून' म्हणत होतीस ते?"

"एकदा बोलले त्ये निभवायला नगं? नबीलाल बिचारा आडवा पडला खळ्यावर, नव्या सदऱ्यात." ती हसली. "आन नव्हं का, तिथं हुकूम सोडता सोडता भ्याचं राहूनच गेलं बग."

"पण 'बस' बरोबर वेळेला कसं म्हणालीस? पाणी तर मी बघत होते."

"तू श्वास धरून हुतीस. त्यो सोडलास, तवा मी म्हटलं बस."

एसटी फरशी पुलावर उतरली, हिसका बसला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पुढच्या बाकावरची बाई वळून बघत होती. मला एकदम चाचा आठवले. सकाळचं ते अंगण, तो तांब्या, न्हावी.

"आई," मी म्हटलं, "म्हणजे आजही? चाचांनी सगळं अंगण उखडलं गं तुझ्यासाठी."

आईनं खण मांडीवर नीट घडी घालून ठेवला.

"न्हाई," ती म्हणाली. "त्या दिवशी थाप मारली. आज मातुर बघून सांगितलं."